पुढचं डावं चाक

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेजमध्ये एवढं मावत नाही, म्हणून पत्र. एसटीच्या वर्कशॉपात चाळीस वर्षं हातोडे ऐकलेत, त्याचा हा प्रसाद.

काम तुमच्याच खात्यातलं आहे. पंधरा-वीस दिवस झाले, आपली गाडी ब्रेकला विचित्र वागते. सिग्नलला हळू येऊन थांबायची वेळ आली, की पेडल पायाखाली थरथरतं, गर्र आवाज येतो आणि गाडी थांबायची सोडून पुढे सरकते. रस्ता कोरडा असतो, ब्रेकही मी बेतानेच दाबलेला असतो. डॅशबोर्डवर कसलाही दिवा लागत नाही. परवा आयएनएच्या सिग्नलला एक बाई नातवाचा हात धरून रस्ता ओलांडत होत्या. मी सगळा जोर लावून ब्रेक दाबला, तरी गाडी त्यांच्यापासून जेमतेम वीतभर अलीकडे थांबली. त्यांनी बॉनेटवर हात टेकला. मागच्या सीटवर मैत्रेयी होती. बाबा, मी फार घाबरले आहे.

सुजयने रविवारी गाडी हायवेवर पळवून आणली. त्याला काहीच जाणवलं नाही. त्याचं म्हणणं, दोष माझ्या पायात आहे, मी घाबरून ब्रेक मारते. किल्ली त्याने आपल्या कपाटात ठेवून दिली. रागाने नाही, काळजीनेच; पण ठेवली. आणि आपली सात वर्षांची नात कॉलनीभर सांगत फिरते, की मम्मीला गाडी चालवता येत नाही. तेही हिंदीत, म्हणजे सगळ्यांना कळावं.

खंडेनवमीला तुम्ही गाडीची पूजा करून गेलात, तेव्हापासून ती रोज चाकाला नमस्कार मात्र करते. आईचा गुडघा कसा आहे?

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर यावं.
तुमची,
स्वरूपा


सांगली
१० नोव्हेंबर

चि. सौ. स्वरूपास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर, दोष तुझ्या पायात नाही. पेडल थरथरतं ते एबीएसमुळे. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, तो चाकाचा वेग मोजतो. चाक जाम होऊन घसरतंय असं त्याने कळवलं, की एबीएस त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतं आणि पुन्हा धरतं. निसरड्या रस्त्यावर त्यानेच जीव वाचतो. पण सेन्सरच खोटं बोलला, तर चांगलं फिरतं चाकही जाम समजून ब्रेक सुटतो. कमी वेगात सेन्सरचा इशारा मुळातच क्षीण असतो, म्हणून हे थांबता थांबता होतं. हायवेवर सुजयरावांना ते कुठून दिसणार?

किल्ली सध्या कपाटातच राहू दे. तपासणी होईपर्यंत गाडी कोणीच चालवायची नाही, त्यांनीही नाही. मिस्त्रीला घरी बोलाव. चारही सेन्सर, त्यांच्या वायरी, बेअरिंग, सगळं बघायला सांग. पुढचं डावं चाक आधी उघडायला सांग. काय निघेल ते जसंच्या तसं कळव, काही गाळू नकोस.

आईचा गुडघा ठीक. तिला यातलं काही बोललो नाही. मला मात्र अन्न गोड लागत नाही.

मैत्रेयीला गोड पापा.
वाट पाहणारा,
बाबा


लक्ष्मीबाई नगर
१५ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आज शनिवार. मला सुट्टी, सुजय फरीदाबादला कारखान्यात. करोल बागेतून धर्मपाल मिस्त्री घरीच आले. त्यांनी स्कॅनर जोडला आणि क्वार्टरमागच्या मोकळ्या जागेत गाडी हळूहळू चालवून पाहिली. वेग दहाच्या खाली गेला, की तीन चाकांचे आकडे नीट उतरत होते आणि पुढच्या डाव्याचा एकदम शून्य. तुम्ही म्हणालात तेच चाक.

निघाली काय, तर दिल्लीची धूळ. ग्रीसमध्ये कालवून तिचा काळा लगदा झाला होता, तो सेन्सरच्या टोकावर बसलेला. पुसून परत बसवल्यावर त्यांनी दहा-बारा वेळा थांबून पाहिलं. पेडल शांत. इथल्या नोव्हेंबरच्या हवेत माणसांचे सेन्सर बंद पडतात, गाडीचं काय घेऊन बसलात.

सुजयला फोनवर साफसफाई झाली एवढंच सांगितलं. तो हसला, म्हणाला की धूळ पुसून ब्रेक सुधारत असतील तर बरंच आहे, पण महिनाभर गाडी तोच चालवेल. चालेल मला. मेट्रो काय वाईट आहे? मैत्रेयी व्हॅनने जाईल. विषय संपला. तुम्ही मनाला काही लावून घेऊ नका.

आईला नमस्कार.
लोभ असतोच, जेवणही नीट असावं.
तुमची,
स्वरूपा


सांगली
१९ नोव्हेंबर

चि. सुजयराव यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जावयाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

स्वरूपाने मला दिल्लीची धूळ म्हणून कळवलं. ती मला पाठीशी घालते आहे. तिच्याच पत्रात ग्रीस आहे, आणि सेन्सरच्या टोकाला ग्रीस कुठलाही जाणता मिस्त्री लावत नाही. ते ग्रीस माझं आहे.

आमच्या वर्कशॉपात खंडेनवमीला प्रत्येक जण एका गाडीचं एक चाक उतरवायचा, तारेच्या ब्रशने आतून घासायचा, ग्रीसचं बोट फिरवायचा आणि मग हळदकुंकू, झेंडू. त्याशिवाय पूजा झाली असं वाटायचंच नाही. त्या दिवशी तुम्ही कामावर होतात. मी तुमच्या गाडीचं पुढचं डावं चाक उतरवलं. स्वरूपा ओंजळीत नट घेऊन शेजारी उभी होती, म्हणजे तिला सगळं माहीत आहे. घासताना निघालेला लोखंडाचा कीस ग्रीसमध्ये राहिला. सेन्सरात लोहचुंबक असतं, त्याने तो ओढून घेतला. आमच्या जुन्या बसगाड्यांना असला सेन्सर नव्हता. नव्या गाडीला हात लावण्याआधी मी कोणाला तरी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण ब्रेकमधलं मला कोणी काय शिकवणार, ही घमेंड.

तिचं पहिलं पत्र वाचतानाच मला शंका आली होती. म्हणून डावं चाक आधी उघडायला लिहिलं. का, ते लिहायचं धाडस झालं नाही. सत्तरीला आलेला माणूस मुलीच्या आड लपला, आणि तिने लपू दिलं. सिग्नलवरच्या त्या बाई आणि त्यांचा नातू सारखे डोळ्यांसमोर येतात. माझ्या हातच्या ब्रेकने कधी कोणाला ओरखडा आला नाही, असं मी तुमच्या लग्नात व्याह्यांना सांगितलं होतं. आता कोणाला सांगणार नाही.

दोष तिच्या पायात नव्हता. त्याच पायाने सगळा जोर लावला, म्हणून गाडी वीतभर अलीकडे थांबली.

आजवर केलात तसाच लोभ या पत्रानंतरही कराल, तर उपकार होतील.
आपला,
विलास

ता. क. किल्ली आज तिच्या हातात द्या. मैत्रेयीच्या समोर द्या.