व्हिडिओ कॉलमागची भिंत

प्रिय ताई,

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आमच्या मागे तुला पुस्तकं आणि दिवा दिसतो ना, तेवढंच या घरात बघण्यासारखं आहे. फोन जरा डावीकडे वळवला, तर सिंकखाली अंथरलेली गादी दिसेल. त्यावर मी झोपते, एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका!

सून तिकडे दातांची डॉक्टर होती, इथे परदेशात दुसऱ्याच्या दवाखान्यातल्या खुर्च्या पुसते. चिरंजीवांचे गाइड विद्यापीठ सोडून गेले आणि याची पीएचडी लोंबकळत राहिली. “होईल गं आई,” म्हणतो. होतंय कपाळ!

आणि तू ती भिंत बघून तुझ्या नातवाला चांगली नोकरी सोडून इकडे यायला सांगतेस! काल मी म्हटलं, “मावशीला खरं काय ते सांगून टाकते.” तर हा चाळिशीचा घोडा रडायलाच लागला. “आई, तेवढी एक भिंत तरी राहू दे.”

कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की सिस्टर बाकावर उभं करायच्या, आठवतं? हे पत्र काही तुला मिळणार नाही. उद्या रविवार. तुझा नातू विचारेल, “आजी, येऊ ना मग?” आणि मी इस्त्रीची साडी नेसून, त्या दिव्याखाली बसून म्हणेन, “ये रे.”

तुझीच,
धाकटी