नदीपलीकडचा पहिला दर्जा

प्रिय ठमे,

तुझा निरोप मिळाला. रागानं उत्तरच द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझं तोंड कधी गप्प बसलंय? घरी सगळे ठीक. आई तुझी आठवण काढते, ठमी आता मोठी साहेबीण झाली म्हणते. मी हो म्हणते. पुढचं तिला सांगत नाही.

आपल्या कॉलेजचं तुला मी काय सांगायचं! तुमच्या तपासणी समितीनं तिसरा दर्जा दिला आणि पहिल्या वर्षाचे प्रवेश बंद झाले. आता आहेत तेवढ्या पोरांना पदवीपर्यंत पोचवायचं आणि दाराला कुलूप घालायचं. नदीपलीकडच्या कॉलेजला मात्र पहिला दर्जा. त्यांनी फाटकावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय. बसमधून दिसतं, म्हणून मी हल्ली दुसऱ्या बाजूला बसते.

तपासणी आली की कॉलेजं एकमेकांकडून वस्तू उसन्या नेतात, हे तुला ठाऊक नाही असं नाही. आपण शिकत होतो तेव्हाही बाकं इकडून तिकडे जायचीच. नदीपलीकडचे हात जोडून आले, आणि आमचे प्राचार्य पडले भोळे सांब. सगळे मायक्रोस्कोप देऊन बसले. तुम्ही आधी तिकडे जाणार, आमच्याकडे दुसऱ्या दिवशी, तोवर सामान परत येईल अशी बोली होती. मी नको नको म्हणत होते, पण माझं ऐकतंय कोण? टेम्पो आलाच नाही. तुम्ही आलात तेव्हा प्रयोगशाळेत नुसती टेबलं. प्राचार्यांनी काकुळतीला येऊन खरं काय ते सांगितलं, तर तुमचे अध्यक्ष म्हणाले, "आम्ही दिसतं ते लिहितो." तू माझ्यापासून दोन हातांवर उभी होतीस आणि खिडकीबाहेर बघत होतीस.

मी मनाची समजूत घातली, की बिचारीला काय कळणार, मायक्रोस्कोप सगळीकडे सारखेच. पण आपले शिपाईमामा सामानासोबत तिकडे गेले होते. शिकत असताना आपल्या मायक्रोस्कोपची काचपट्टी धरणारी क्लिप मोडली म्हणून तू केसांची पिन वाकवून बसवली होतीस, आठवतं? ती अजून तिथेच आहे. मामा म्हणाले, बाईंनी त्या पिनेवरून बोट फिरवलं, हसल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. ते हसणं मला फार लागलं गं. एक शब्द बोलली असतीस तर समितीतलं तुझं पद गेलं असतं, कळतं मला. आमचं अख्खं कॉलेज गेलं.

आणि आता तुझा हा निरोप. लेकीला वनस्पतिशास्त्र घ्यायचंय, आणि तू मला विचारतेस, "दर्जाचं राहू दे, खरं शिकवतात कुठे ते सांग." ठमे, धन्य आहे तुझी. तर ऐक. खरं इथे शिकवतात. मायक्रोस्कोप परत आलेत, पिनेचासुद्धा. पोरीला मी पोटच्या मुलीसारखं शिकवलं असतं. पण पहिल्या वर्षाला प्रवेश नाहीत, आणि त्या कागदावर सही तुझी आहे. नदीपलीकडेच घाल तिला. दर्जा पहिला आहे, आणि प्रयोगशाळेत टेबलं सगळी रिकामी आहेत.

तुझीच, अजून तरी,
बाकावरची शेजारीण