काकांच्या शेजारी

४ ऑक्टोबर
अमेरिकेत, चार्ल्स्टनला आले एकदाची! माझ्या लॅबपासून जवळच, उल्हासकाका आणि उत्तराकाकूंच्या घरात वरची खोली मिळाली. काका रिटायर्ड डॉक्टर, मूळचे नागपूरचे. काकूंनी गरम थालीपीठ वाढलं, आणि मला गाव दाखवायचं काकांनी जेवतानाच ठरवून टाकलं.

१२ ऑक्टोबर
या शहराला एकेकाळी तटबंदी होती, काका सांगत होते. तिचा उरलेला विटांचा तुकडा एका जुन्या इमारतीच्या तळघरात पाहिला. मग ब्रॉड स्ट्रीटवरचं गॉथिक कॅथेड्रल. टोकदार कमानी, रंगीत काचांमधून सांडलेला उजेड. काका बाकावर टेकले. म्हणाले, "वल्लरी, जीव घाबरा होतोय. बस जरा इथे."
बाहेर ऊन उतरत होतं. मला फोटो हवे होते. दोन मिनिटांत येते म्हणून गेले.
फोटोंच्या नादात बराच वेळ गेला. परत आले तर काकांची मान कललेली. हात गार.
काकूंनी विचारलं, तू जवळ होतीस ना? मी हो म्हटलं.

१९ ऑक्टोबर
काकू भेटायला येणाऱ्यांना सांगतात, पोरगी शेवटपर्यंत हात धरून बसली होती. हात धरल्याचं मी कधी सांगितलं? सांगितलंच असेल. रोज डबा भरून देतात.

२३ ऑक्टोबर
नाश्त्याला काकूंनी तीन बशा मांडल्या. म्हणाल्या, हे सकाळी येऊन बसतात. त्या दिवसाचं काही वेगळंच सांगतात. काय, ते मी विचारलं नाही. रिकाम्या खुर्चीतून दम लागल्यासारखा श्वास— मी ऐकला.

२६ ऑक्टोबर
सकाळी खालून हाक. "वल्लरी, खाली ये गं. बरं वाटत नाहीये." आवाज काकूंचा. पण त्यामागे तो श्वास— कडी लावली. कान दाबून बसले. मग हाका थांबल्या.

दुपारी
काकू स्वयंपाकघरात, फरशीवर. त्यांचेही हात गार. अँब्युलन्सवाले म्हणाले, लवकर कळलं असतं तर— घरात कोणी होतं का, विचारलं.
मी नाही म्हटलं.

२७ ऑक्टोबर
बॅग भरतेय. खाली खुर्च्या सरकल्या. दोघांचे आवाज. राग नाही त्यात— तेच सोसवत नाही. काकू त्यांना समजावतायत, लहान आहे, घाबरली असेल—
जिना वाजतोय. कडी काढून ठेवलीय. तोंडून शब्द फुटणार नाही, म्हणून आधी इथे लिहिते. काकू, मी जवळ नव्ह—