मलंगगडाच्या रेषा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणाच्या भिंतीवर तसला फ्रेम केलेला डोंगर दिसला की मी नजर वळवते. नुसत्या उंचीच्या रेषा, एकीत एक, पेन धरलेल्या मशीनने काढलेल्या. लोक कौतुकाने विचारतात, हे कसं करतात हो? मला चांगलंच ठाऊक आहे. नव्वदच्या सुमारास मानपाड्याच्या आमच्या ऑफिसात असलं पेन धरणारं मशीन, प्लॉटर, आला तेव्हा तो चालवायला मीच शिकले, आणि घरी येऊन तुमचं डोकं खाल्लं. ठाण्याच्या कचेरीत जन्मभर हाताने नकाशे काढलेले तुम्ही भाजी निवडता निवडता म्हणायचात, "अगं, रेष ओढताना श्वास धरावा लागतो. तुझं मशीन काय धरणार?"

त्या दिवाळीला साहेबांनी गिऱ्हाइकांना भेट म्हणून मलंगगडाची चित्रं प्लॉटरवर काढायला सांगितली. मी सर्व्हेच्या नकाशावरून डोंगर कॉम्प्युटरमध्ये घेतला. तुम्हीही इरेला पेटलात. त्याच नकाशावरून, त्याच मापाने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तोच डोंगर काढायला बसलात. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच पेनं धुतलीत. आई पोळ्या लाटायला जागा मागायची, तुम्ही तिला ओट्याकडे पिटाळायचात. दोन महिन्यांनी डोंगराचं नाव तेवढं घालायचं राहिलं; बारीक अक्षरांना हात कापायला लागला होता. "एवढं तुझ्या मशीनकडून घालून आण," म्हणालात. तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलं असेल तर ते एवढंच.

मी तुमचा कागद लावला, बटण दाबलं आणि चहाला गेले. फक्त नाव पाठवायचं होतं. कॉम्प्युटरमधल्या माझ्या डोंगराच्या रेषा बंद करायला विसरले होते. परत येते तर मशीनने तुमच्या डोंगरावर माझा अख्खा डोंगर काढलेला, दोन-तीन मिलिमीटर सरकून. घरी तुम्ही चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिलात. मी बोलणी खायच्या तयारीने उभी. तुम्ही हळूच म्हणालात, "मशीनचा हात थोडाच कापतो? माझाच हलला असणार."

मी म्हणाले, "असेल."

मग ब्लेड घेऊन तुम्ही रोज थोड्या थोड्या स्वतःच्या रेषा खरवडू लागलात. माझ्या तशाच ठेवल्यात. शिखराशी कागदाला भोक पडलं त्या दिवशी ब्लेड खाली ठेवलंत, पेनं कुणाला तरी देऊन टाकलीत, आणि पुन्हा कधी काही काढलं नाहीत. वर्षाच्या आत गेलात. तो कागद मी अजून उलगडलेला नाही, माझ्याच्याने होत नाही.

हे लिहून पाठवणार कुठे, आणि आता सुधारणार काय? काहीच नाही. कागदच सरकून लागला होता, बाबा. मीच घाईत लावला होता, आणि मशीनवरून काढतानाच मला ते दिसलं होतं. तुमचा हात कुठेच हलला नव्हता. सांगायचं अगदी तोंडापर्यंत आलं होतं. पण जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझं काम तुमच्यापेक्षा सरस मानलंत, आणि मला ते ऐकायला आवडलं.