तुमच्या चिरंजीवांची गादी

आत्याबाई,

तुमच्या चिरंजीवांविषयी लिहायचं आहे, आणि तक्रारीच्या सुरात लिहायचं आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तक्रार करून काही उपयोग नाही, हे मला कळतं. पण जी गोष्ट सासू म्हणून तुम्ही मला लग्नाच्या आधी सांगायला हवी होती, ती मला गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या खोलीत कळली, त्याला मी काय करू?

सुरुवात एका सकाळी झाली. ज्या माणसाने लग्न झाल्यापासून स्वतःचा कप कधी विसळला नाही, तो मोरीत बसून चादर धूत होता. विचारलं तर म्हणाले, चहा सांडला. गादीवर चहा सांडायला आधी घरात चहा व्हावा लागतो, आणि तो मी अजून टाकलेला नव्हता. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला असली उत्तरं देऊ नयेत. दुसऱ्यांदा ‘चहा’ सांडला तेव्हा मी त्यांना रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, प्रोस्टेटचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गुण यायला वेळ लागेल, तोवर रात्रीची नीट सोय करा, असं सांगितलं. मग पाणी किती पितात, असं विचारलं. मी जरा मान ताठ करूनच सांगितलं की आमच्या घरात दिवेलागणीनंतर कोणी पाण्याला तोंड लावत नाही, कुलदेवीची चाल आहे.

ते मला तुम्हीच सांगितलं होतं. लग्न होऊन आले त्या पहिल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभी आहे, तांब्याला हात घातला आहे, आणि तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेता. “आपल्यात दिवा लागल्यावर पानी पीत न्हाईत. देवीचं हाय.” मी बी.एस्सी. झालेली, देवीचा आणि तहानेचा संबंध काय हे विचारायला तोंड उघडलं होतं, पण तुमचा चेहरा बघून मिटलं. तेव्हापासून पाळत आले. भर वैशाखात पाळलं, रात्री तांबडा रस्सा असला तरी पाळलं. मुलीला पाळायला लावलं. ती लग्न होऊन गगनबावड्याला गेली तर तिथेही तिने ते सुरू केलं, आणि आता तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, आल्यागेल्याला मोठ्या कौतुकाने ती चाल सांगतात.

डॉक्टरांसमोर तुमचे चिरंजीव मान खाली घालून म्हणाले, “देवीचं काय न्हाय त्यात. मिसरूड फुटंस्तवर मी अंथरूण भिजवत हुतो. माझं एकट्याचं पानी तोडलं असतं तर भावंडांनी वळखलं असतं. म्हणून आईनं सगळ्यांचंच तोडलं, ते पुढं तसंच ऱ्हायलं.”

एका पोराची लाज झाकायला तुम्ही अख्खं घर तहानलेलं ठेवलंत, तालमीतून घामाने निथळत येणाऱ्या मामंजींसकट, आणि नाव देवीचं घेतलंत. मला राग आला, आणि तो एका दिवसाचा नव्हता, इतक्या सगळ्या उन्हाळ्यांचा होता. डॉक्टर मात्र हसू दाबून म्हणाले, झोपायच्या आधी कमी प्या, पण दिवसभर भरपूर प्या.

मग खरेदी. तुमच्या काळी एक मेणकापड असायचं, त्यावर जुनी लुगडी. आता औषधाच्या दुकानात एक पूर्ण फळी आहे. दुकानदार खालच्या आवाजात बोलायला लागला, तेव्हा मी त्याला सांगितलं की मोठ्याने बोल, माझे कान चांगले आहेत, मला फरक समजला पाहिजे. तुमचे चिरंजीव समोरच्या फुटपाथवर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभे होते, आपण कुणा दुसऱ्याच बाईचे नवरे असल्यासारखे. घरी आल्यावर म्हणाले, “मी काय तान्हा हाय व्हय, हे घालायला?” मी प्रत्येक प्रकारातला एकेक काढून जेवणाच्या टेबलावर मांडला आणि त्यावर तांब्याने हळदीचं पाणी ओतायला लागले.

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत या माणसाने जन्मभर कास्टिंगची गळती तपासली. ते आधी लांबून बघत होते, मग चष्मा लावला, मग खुर्ची ओढून बसले. जुन्या रबरी कापडाने गादी वाचते पण पाणी अंगाखालीच साचून राहतं, ते पहिल्या फेरीतच बाद झालं. चिकटपट्टीचा डायपर सगळ्यात जास्त पाणी पितो, पण तो आपला आपल्याला बांधता येत नाही आणि कूस बदलली की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. “रिजेक्ट,” असं म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. चड्डीसारखा चढवायचा येतो तो आपल्या हाताने घालता येतो, आवाज नाही, वरून कागद दाबला तर कागद जवळजवळ कोरडा. फक्त तो उकडतो, म्हणून उठल्याबरोबर काढायचा, साध्या पाण्याने अंग धुऊन कोरडं करायचं, पावडर थापायची नाही. टाकून द्यायचं पॅड झोपेत गोळा होतं. कापडी पॅड मऊ आणि चांगलं, पण पावसाळ्यात वाळता वाळत नाही, आणि कपडे मऊ करायचं ते सुगंधी औषध घालून धुतलं तर पाणी प्यायचंच सोडतं. गादीच्या खोळींपैकी प्लॅस्टिकची घाम आणते आणि घसरते. वर सुती, खाली पातळ अस्तर आणि कोपऱ्यांना इलास्टिक असलेली पास झाली. त्या रात्रीपासून चड्डी आणि खोळ सुरू झाली, ‘ट्रायल’ या नावाखाली. घरातली गादी वाचली.

पण श्रावणात मुलीच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. गगनबावड्याला, मुक्कामी, कारण पाहुणे मुक्कामाशिवाय परतले तर विहीणबाई वर्षभर बोलत नाहीत. तुमचे चिरंजीव म्हणाले, ताप आलाय म्हणून सांग. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा आले नाहीत तर मी पूजेला बसणार नाही. ते फोन कानाला लावून उभे, हो म्हणवत नाही आणि नाही म्हणवत नाही. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या कोऱ्या गादीवर. मी फोन काढून घेतला आणि आम्ही येतो म्हणून सांगितलं.

तिथे आम्हाला खोली दिली. बाहेर धो धो पाऊस. मी बॅगेतल्या खोळी काढून दोन्ही गाद्यांना चढवत होते, तेवढ्यात विहीणबाई उशा घेऊन दार न वाजवता आत आल्या.

“हे काय ओ, विहीणबाई?”

तुमचे चिरंजीव खिडकीकडे तोंड करून उभे. त्यांची पाठ बघूनच मला कळलं की हा माणूस आता चालत कोल्हापूर गाठेल. मी म्हणाले, “माझं आहे. वयाने त्रास होतो.”

विहीणबाईंनी उशा ठेवल्या, दाराला कडी घातली आणि हळूच विचारलं, “कुठं मिळतंय? माझ्यासाठी न्हवं, शेजारच्या एकीला पायजे.” मी सांगितलं की प्लॅस्टिकचं इथेही मिळेल. तर खिडकीकडून आवाज आला, “प्लॅस्टिकचं घेऊ नगा. घसरतंय. सुतीच घ्या, आनि कोपऱ्याचं इलास्टिक ताणून बघा.” विहीणबाई त्यांच्याकडे बघायला लागल्या. ते वळले. “ती खोटं बोलतीया. गादी मी भिजवतो.”

“मग त्यात काय एवढं,” विहीणबाई म्हणाल्या. “आमच्या गावात पावसाचं सगळंच भिजलेलं असतंय की.”

ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. गादी कोरडी राहिली, सकाळी पूजेला जावयाशेजारी बसले, आणि दुपारी व्याह्यांना बाजूला घेऊन चड्डीचे फायदे सांगत होते. मी मात्र दिवसभर घुश्शात. तुम्ही एक गोष्ट जन्मभर पोटात ठेवलीत, आणि मला ती पाच मिनिटंही ठेवू दिली नाही त्यांनी.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते. विहीणबाईंना मी बोलले ते अगदी खोटं नव्हतं. त्याच्या आधीच्या हिवाळ्यातल्या खोकल्यापासून जोराची शिंक आली की माझंही थोडं सुटतं. म्हणून मी त्यांच्याच पाकिटातली एकेक चड्डी काढून वापरते, माप दोघांना चालतं. पाकीट वेळेआधी का संपतं याचा ते रोज हिशेब लावत बसतात. कंपनी पाकिटात कमी माल भरते अशी त्यांची खात्री झाली आहे, आणि काल त्यांनी तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. शब्द अडले तेव्हा मला विचारलं. मी सांगितले.