बॉयलरखालची झडप

अहो,

मी कपडे धुवायला घेऊन गेलेय, जेवायच्या वेळेपर्यंत येते. आत ऊब यावी म्हणून हीटर मुद्दाम चालू ठेवलाय, बंद करू नका.

आज सकाळी आपल्या या चाकांवरच्या घराची पाण्याची टाकी पुन्हा रिकामी. आठवड्यात तिसऱ्यांदा! तुम्ही झोपला होतात, म्हणून शेजारच्या कॅराव्हॅनमधल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॉयलरखालची अंगठ्याएवढी झडप दाखवली. अहो, कडाक्याची थंडी पडली की ती आपली आपण उघडते! आत पाणी गोठून बॉयलर फुटू नये म्हणून सगळं पाणी बाहेर सोडून देते, आणि पंप चालू राहिला की त्यामागून टाकीतलंही वाहून जातं. वीज लागत नाही, कुणी सांगायला लागत नाही. मी गुडघे टेकून बघतच राहिले. आपण दोघं ढाराढूर, आणि एवढीशी ती पहाऱ्यावर!

आता नीट वाचा. आत चांगलं उबदार झालं की झडपेचं बटण दाबून ती बंद करा, मगच टाकी भरून पंप लावा. गरम पाण्याचा नळ फुरफुरायचा थांबून सरळ धार आली की बॉयलर चालू करा. त्याआधी अजिबात नाही.

म्हणजे बेसिनचा नळ तुम्ही उघडा टाकत नव्हतात. मी मात्र "विसरता, हल्ली फार विसरता" म्हणून तुमचं डोकं खाल्लं, आणि तुम्ही ते खरं मानून बसलात. नळावर तुम्ही चिकटवलेला "झोपताना बंद केला" हा कागद मी फाडून टाकलाय. तुम्हाला न सांगता सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली होती, तीही रद्द केली.

पहिली आंघोळ तुमची. गरम पाणी सगळं संपवा, मी एक अक्षर बोलणार नाही.