नवाच्या बारा गाठी

३ जून, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस. नारायण पेठेतल्या मालकीणबाईंनी चहा दिला आणि गच्चीवर कपडे वाळत घालण्याचे नियम सांगितले. नियम चहापेक्षा जास्त होते. रुग्णालय चालत जाण्याइतकं जवळ आहे. आमच्या पॅथॉलॉजीच्या प्रमुख हेमा मॅडम कमी बोलतात. माझ्या टेबलाला खिडकी मिळाली! स्वारी खूश.

७ जून, शुक्रवार
काम आवडतंय. कॅन्सरसाठी काढलेला आतड्याचा तुकडा आमच्याकडे येतो. त्याच्याभोवतीची चरबी बोटांनी चाचपत लसिकेच्या गाठी, म्हणजे लिम्फ नोड, शोधायच्या. रोग पसरलाय का, ते त्यांवरून कळतं. निदान बारा तरी हव्यात, त्याशिवाय खात्री देता येत नाही. मसुराएवढ्या, कधी त्याहून बारीक, आणि आधी रेडिएशन झालेलं असलं तर आणखी आक्रसलेल्या. नाहीच सापडल्या, तर मॅडमची पद्धत म्हणजे चरबी एक दिवस ॲसिटिक ॲसिडच्या द्रावणात ठेवायची. मग पिवळ्यात पांढऱ्या गाठी उठून दिसतात. मी म्हटलं, माझी बोटं पुरेत. मॅडम म्हणाल्या, बोटांना एवढ्यात ऐकवू नका, शेफारतील.

१३ जून, गुरुवार
तुळजाबाई, गुदाशयाचा कॅन्सर. सगळी चरबी पिंजली, गाठी नऊच. सोमवारी डॉक्टरांची बैठक, सर्जनचे सारखे फोन. द्रावणात ठेवायचं तर दिवस जाणार, आणि मी बढाई मारून बसलेली.
मोठी गाठ मधोमध कापतात आणि दोन्ही अर्धुकं एकाच प्लास्टिकच्या डबीत घालतात, म्हणजे मोजताना ती एकच धरली जाते. तीन गाठींची अर्धुकं मी वेगवेगळ्या डब्यांत घातली. बारा भरल्या.

१७ जून, सोमवार
मॅडमनी काचपट्ट्या पाहिल्या. बाराही स्वच्छ. हात चांगला आहे म्हणाल्या. बैठकीत ठरलं, केमोची गरज नाही. मी मान खाली घालून बसले होते. लाज वाटते.

२१ जून, शुक्रवार
तुळजाबाई मुलाबरोबर उंड्रीहून आल्या. पोटाला शौचाची पिशवी, चालताना त्रास, तरी पेढे घेऊन. रिपोर्ट कुणी केला ते विचारत माझ्यापर्यंत पोचल्या. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "पोरी, तुझ्या हाताला गुण हाय."
पेढा कागदात गुंडाळून ठेवला. त्यांनी हात सोडल्यावरही बोटांना काहीतरी लागत राहिलं. कणीएवढं. दोन.

२४ जून
कणीक मळताना तेच लागलं. चिमटीत धरून पाहिलं तर काही नाही. मग साबणात. मग उशीच्या कापसात. नेहमी जोडीनंच.
तुळजाबाईंची उरलेली चरबी अजून बरणीत आहे. ती द्रावणात ठेवली. मॅडमना सांगेन. उद्या.

२५ जून
तीन नव्या गाठी. एक टणक. तपासायला घातल्या.

२६ जून
काचपट्टी एकटीनंच पाहिली. टणक गाठीत कॅन्सर आहे. बाईंना केमो अजून देता येईल, उशीर झालेला नाही. मॅडमच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. नोकरी जाईल, नाव जाईल. किती भित्री आहे मी.

२७ जून
बरणीत परत पांढरं. काढलं. डबा खाऊन आले तर परत तेवढंच. सगळी अर्धुकं आहेत, एक बाजू सपाट, सुरीनं कापल्यासारखी — पण ही मी कापलेली नाहीत —

२८ जून
हातमोजे काढले. बोटांच्या टोकांशी कातडीखाली पांढरे ठिपके. दाबले की सरकतात.
आज बोलायचंच. आधी बाईंना फोन केला. त्याच बोलायला लागल्या. मानेत बारीक काहीतरी लागतंय म्हणाल्या, दोन हायेत. पण "तू बघितलंयस, मंग मला कशाचं भ्या?"
सांगायला तोंड उघडलं. घशात काहीतरी — आवाजच —
त्या किती वेळ हॅलो हॅलो करत होत्या.

२९ जून
बोलता येत नाही. लिहिते. बोटं सुजलीत, पेन ठरत नाही —
हेमा मॅडम, बारा नव्हत्या. तुळजाबाईंना बोलवा, केमो द्या, त्यांना सांगा की मी त्यां